दोनशे गुरुजी आणि दोन पोळ्या

मयुरा माझ्या प्रताप नगरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. रोज सकाळी कुहीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत चौथीला शिकवायला जाते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः शिकते. हे शिकणे मोबाइलवर होते. तिथे दोनशे शिक्षकांचा गट आहे आणि मधुसूदन सर तो चालवतात. सकाळी सुविचार, दुपारी उपक्रमांचे फोटो, संध्याकाळी परस्परांचे अभिनंदन, असा तिथला अभ्यासक्रम. नकारात्मक काही लिहायचे नाही, हा नियम. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चूक दिसली की सिस्टर वहीत लाल खूण करायच्या. इथे चूक दिसली की फूल ठेवतात.

मयुरा साधी आहे. हा गट शिकण्यासाठी आहे, असे तिला खरेच वाटत होते.

तिच्या वर्गाला पाव मोठा की एक तृतीयांश मोठा, हे काही केल्या कळेना. चार तीनाहून मोठे, म्हणून पाव मोठा, असा पोरांचा हिशेब. शेवटी तिने घरून दोन पोळ्या नेल्या, एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार, आणि मोबाइल खिडकीत ठेवून सगळा पाठ टिपला. वर्ग एका सुरात ओरडला, चारवाला मोठा. निळ्या रिबिनीची मिनल तर उठून जवळ आली. "बाई, चारवालाच मोठा दिसून राहिला."

"नीट विचार कर," म्हणून मयुराने तिला खाली बसवले.

तो व्हिडिओ तिने गटावर टाकला आणि खाली लिहिले, 'मुले चुकतात. माझे कुठे चुकते, ते कृपया पाहून सांगा.'

अकरा मिनिटांच्या व्हिडिओला पहिली टाळी मिनिटाच्या आत आली. इतक्या वेगाने पाहणारे डोळे फक्त शिक्षकांनाच मिळत असावेत. 'अप्रतिम.' 'कल्पक.' 'पोळीतून गणित, वाह मॅडम.' दोन दिवसांत तालुक्यात जिकडेतिकडे पोळ्या कापल्या जाऊ लागल्या. मग मधुसूदन सरांचा फोन आला. शनिवारी कुहीला शिक्षकांची सभा, तिथे हाच पाठ आपल्या मुलांना घेऊन सर्वांसमोर करायचा आणि नंतर सत्कार.

"सर, पण पोरांचं उत्तर चुकलं आहे."

"मॅडम, प्रक्रिया महत्त्वाची. फेटा केशरी चालेल ना?"

मयुरा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "काकू, सत्काराचं जाऊ द्या. पुढच्या वर्षी ही पोरं पाचवीत दुसऱ्या शाळेत जातीन. तिथले सर म्हणतीन, चौथीच्या बाईनं काहीच नाही शिकवलं. आन् खरंच नाही शिकवलं ना मी."

मी चहा केला. दोनशे तज्ज्ञांपुढे मी काय बोलणार?

गुरुवारी तिला एकटीला एक संदेश आला. गटातल्याच, पण गटावर कधी तोंड न उघडणाऱ्या, भंडाऱ्याकडच्या प्रेमिला नावाच्या शिक्षिकेचा. 'व्हिडिओ दोनदा पाहिला. निळ्या रिबिनीची मुलगी खरे सांगते आहे. चार तुकड्यांची पोळी मुळातच मोठी आहे. गटावर लिहिले नाही. नियम आहे.'

मयुराने व्हिडिओ पुन्हा लावला. आम्ही दोघींनी पाहिला. खरेच होते.

"तीन तुकड्यांची उरलेल्या कणकेची होती," ती म्हणाली. "लहान झाली. आन् मी त्या पोरीले खाली बसवलं."

शनिवारी तिने मलाही कुहीला नेले. फेटा बांधून ती उभी राहिली आणि पोरांना म्हणाली, "त्या दिवशी मिनल बरोबर होती. माझ्या पोळ्या सारख्या नव्हत्या." मग ताटली ठेवून काठाकाठाने कापलेल्या दोन सारख्या पोळ्या काढल्या, पोरांना एकीवर एक ठेवून पाहायला लावले आणि मग तुकडे केले.

मिनलने पाव तुकडा एक तृतीयांश तुकड्यावर ठेवला. तो पुरला नाही. "आता तीनवाला मोठा हाय," ती म्हणाली. मागची पोरेही वाकून पाहत होती आणि माना हलवत होती. "पण बाई, सारख्या पोळ्या पहिलेच काहून नाही आणल्या?"



"मॅडम, तुकडा जरा वर धरा," मधुसूदन सर म्हणाले. "फोटोत येत नाही."

संध्याकाळी मयुराने आपली चूक गटावर सविस्तर लिहिली. ज्यांनी हा पाठ केला त्यांनी पोळ्या मापून घ्याव्यात, असेही लिहिले. लगेच टाळ्या आल्या. 'अप्रतिम.' 'प्रेरणादायी.' एका सरांनी तर आपल्या वर्गाचा फोटोही जोडला. त्यात एक पोळी होती आणि एक फुलका.

तेवढ्यात प्रेमिलाचा संदेश आला. 'मिनल काय म्हणाली?' आणि त्यामागोमाग तिच्या वर्गाचा व्हिडिओ. 'भागाकार आहे. पोरे अडतात. माझे कुठे चुकते बघा.'

मयुराने फेटा माझ्या फ्रिजवर ठेवला आणि तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.