एका पायाचे दोन इलाज

नव्या नाटकाची तालीम नुकती सुरू झाली होती, तेवढ्यात चंद्रपूरहून फोन आला. रामटेके डॉक्टर गेले... झोपेतच. ऐकलं आणि का कोण जाणे, माझं लक्ष आधी माझ्या उजव्या घोट्याकडे गेलं.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत नाचते. काही वर्षांपूर्वी चामोर्शीजवळच्या एका गावात भर प्रयोगात पाय मुरगळला आणि घोट्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं. मला ऑपरेशनच हवं होतं. शिवलेलं ते पक्कं, असा माझा सरळ हिशेब. पाय गेला तर पोटही गेलं असतं. पण हाडांचे सर्जन असूनही डॉक्टर सुरी उचलायला तयार होईनात. "आधी तुहा नाच पाह्यतो, मंग सांगतो," म्हणाले. माझी भूमिका तेव्हा दुसरी मुलगी करत होती. हे गृहस्थ खरोखरच तिचा प्रयोग पाहायला आले, पहिल्या रांगेत बसले आणि नाटकभर फक्त तिचे घोटे पाहत राहिले. खलनायक कोण, मेलं कोण, काही पत्ता नाही! पडदा पडल्यावर स्टेजवर चढून त्यांनी एकेक फळी पायाने दाबून पाहिली.

"पह्यले या स्टेजचं ऑपरेशन करा लागते," ते म्हणाले. "तुह्या पायाले आधाराचा पट्टा, मंग कसरत. बहुतेकांचे असेच बरे होतात. पाय पुन्हा दगा देऊन राह्यला, त मी आहोच ना शिवाले."

कसरत म्हणून मी एका पायावर उभी राहून दात घासू लागले. घरचे पोट धरून हसायचे. पुढचा मोसम बरा गेला... मग पाय साध्या रस्त्यावरही लचकू लागला. तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पुन्हा पहिल्यापासून कसरत करून घेतली आणि पाय टिकला. माझ्यापुरता विषय संपला होता. त्यांचा तिथून सुरू झाला.

भेट झाली की तेच. "सांग ना बाई, पह्यलेच शिवलं असतं त तुहा तरास वाचला असता का? का कसरतीनं पाय तयार झाला, म्हणून शिवलेलं टिकलं?"

"जाऊ द्या ना डॉक्टरसाहेब, नाचून राह्यली ना मी!"

"तू नाचून राह्यली, पण मले कसं समजन? एकाच पायावर दोन्ही इलाज पह्यल्यापासून करून पाहता येत नाई ना."

इतकी वर्षं हाडं जोडून "मले मालूम नाई" असं इतक्या खुशीत म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच त्यांच्यावर माझा फार जीव होता.

गेल्या आठवड्यात पोंभुर्ण्याच्या प्रयोगात गिरकी घेताना पाय वळला. या वेळी डावा. विंगेत येऊन बसले. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता आणि मला चक्क हसू फुटलं. दुसरा पाय! बाई तीच, नाच तोच, मारही तसाच... डॉक्टर गाडी काढून धावत आले असते. केवढा आनंद झाला असता त्यांना! मग हे आता सांगायचं कुणाला, ते लक्षात आलं आणि रडू आवरेना.

सोबतच्या नटाने घाबरून विचारलं, "बाई, लई दुखून राह्यलं का?"

मी हो म्हणाले.