वरणातली गोळी

"पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया," सरकारी मनोरुग्णालयातल्या डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा माझ्या कपाळावर सात टाके होते आणि माझं डोकं फोडणारा दादा बाहेरच्या बाकावर दुपट्ट्यानं बांधलेला होता. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, आपलीच माणसं जिवावर उठलीत असं वाटतं.

दादा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. आधी त्याची झोप गेली. मग त्यानं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. शेजारी विचारायचे तेव्हा आम्ही शिफ्टचं निमित्त सांगायचो.

लपवण्याला कारण होतं. छत्तीसगड राज्य व्हायच्या आधी आमच्या भागात असं रुग्णालयच नव्हतं. मोठ्या काकांना हातपाय बांधून रेल्वेनं दूरच्या पागलखान्यात नेलं होतं. परत आली ती त्यांची पत्र्याची पेटी. आई तिच्यात गहू ठेवते, पण तिच्यावर कुणाला बसू देत नाही.

म्हणून आम्ही अतिशहाणपणा केला. नेहरू नगरातल्या एका डॉक्टरांनी दादाला न बघताच गोळ्या लिहून दिल्या आणि आई त्या कुटून वरणात घालू लागली. एका दुपारी अर्धी गोळी तशीच राहिली. दादानं ती जिभेवरून काढून तळहातावर ठेवली.

"मले जहर देऊन राहिली तू, आई!"

त्यानं गरम वरणाचं पातेलं आईवर फेकलं. मी मध्ये पडले, तर त्यानं प्लांटचं हेल्मेट उचलून माझ्या डोक्यात घातलं. दोनदा. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. त्याची बरगडी मोडली. "मारू नका त्याले!" मी ओरडत होते. पण खरं सांगते, त्याआधी क्षणभर वाटलं होतं, मारा.

मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्याला वाटत होतं तुम्ही जेवणात काहीतरी घालता. आणि तुम्ही घालतच होता."

टाक्यांपेक्षा ते जास्त झोंबलं.

तिथं त्याला कुणी साखळी घातली नाही. इंजेक्शनं दिली, बरगडीवर उपचार केले आणि काही आठवड्यांनी घरी सोडायची तारीख कागदावर लिहून दिली. अशी तारीख मोठ्या काकांना कधी मिळालीच नाही. मी तो कागद छातीशी धरून रडले.

तुमच्या घरात असं काही असेल तर लपवू नका. चोरून औषध तर मुळीच देऊ नका.

दादा आता स्वतःच्या हातानं गोळी घेतो. पण जेवताना कितीतरी महिने एकच म्हणायचा, "पयले तू खा." मी खायचे, मग तो.

गेल्या रविवारी आई वरण वाढत होती. तिच्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाकडे दादा बघत राहिला. मी सवयीनं घास उचलला.

"राहू दे," तो म्हणाला आणि माझ्या आधी जेवला.