दारावरचं दूध

निवृत्त माणसाने कामात गुंतून राहावं, असा सल्ला देणारे बहुतेक स्वतः नोकरीत असतात. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या मुलानेही पुण्याहून फोनवर तोच सल्ला दिला, आणि मी मूर्खपणाने तो मनावर घेतला. वर्गभर मुलांवर ओरडण्यात जन्म गेलेल्या बाईला घरातली शांतता सोसत नाही.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. पैसेवाले पुढच्या विंगमध्ये, आम्ही चाळीतली जुनी माणसं मागच्या. खालच्या हॉलमध्ये मी गणिताचा फुकट वर्ग सुरू केला. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते हे मला आधी कळायला हवं होतं. दिवाळीपर्यंत सगळी मुलं कोचिंग क्लासला गेली आणि मी रिकाम्या हॉलचे पंखे बंद करून वर आले.

मग मी पेटी शिकायला घेतली. माझ्या भिंतीला लागून बुवा राहायचे. दोन बुवांचा सामना रंगतो त्या डबलबारीच्या भजनात एके काळी गाजलेला माणूस, बायको गेलेली, मुलगा बदलापूरला. आठवड्यातून दोन-तीन दुपारी ते माझ्याकडे येऊन शिकवत, बाकीच्या दिवशी मी एकटीच सराव करी. माझा सूर चुकला की पलीकडून भिंतीवर थाप पडायची. थाप फार पडायची. "बाई, गणित सोडा नि सूर धरा," असं ते म्हणत, आणि मी शाळेत कोणाचं ऐकलं नसेल एवढं त्यांचं ऐकत असे.

त्यांच्याचमुळे मला ती कल्पना सुचली. चाळीत कोणी सकाळी नळावर दिसलं नाही तर लगेच चौकशी व्हायची. इथे सगळ्यांची दारं बंद. आमच्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच होती. मी सगळ्यांना जमवून नियम सांगितला. दूधवाला पहाटे जाळीच्या दाराला पिशवी अडकवून जातो. ती ज्याने त्याने आठच्या आत घ्यायची. आठनंतर कोणाच्या दारावर दूध दिसलं, की बेल वाजवायची, दार उघडलं नाही तर चावी आणायची. रोजची फेरी मी माझ्याकडे घेतली. सगळ्यांच्या जास्तीच्या चाव्याही माझ्याकडे आल्या.

बुवा हसले. "माका काय होवचा नाय, बाई. तुमी उगाच घाबरतास." पण दूध मात्र ते वेळेवर आत घेत. एकदा-दोनदा कोणाला झोप लागून गेली, मी बेल वाजवली, वर उठवलेल्याच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. आपला कोणाला तरी उपयोग आहे असं वाटलं.

मे महिन्यातली ती सकाळ अशीच गेली. आठ वाजता मी फेरी मारली, सगळी दारं मोकळी होती, बुवांचंही. मी निश्चिंत मनाने घरी येऊन पोहे केले. दुपारी पेटी काढली. शिकवणीचा दिवस नव्हता. बराच वेळ वाजवलं आणि भिंतीवर एकदाही थाप पडली नाही. मला वाटलं, आज जमतंय. मी इतकी खूश झाले की तेच भजन पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

संध्याकाळी बुवांच्या मुलाचा फोन आला, बाबा फोन उचलत नाहीत म्हणून. मी चावी घेऊन गेले. बुवा न्हाणीघराच्या दारात पडले होते. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि सांगितलं की पडले असतील सकाळीच, पण गेले दुपारी.

सकाळी पडले, तर मग दूध आत कोणी घेतलं? त्यांच्या ओट्यावर दूध नव्हतं, फ्रीजमध्येही नव्हतं. मी तिथे उभी राहून हेच शोधत होते, तेवढ्यात समोरच्या वहिनी पातेलं घेऊन आल्या. आमच्याच चाळीतल्या, माझ्याच वयाच्या. भाचीच्या लग्नाच्या साड्या बघायला त्या दिवसभर हिंदमाताच्या बाजारात गेल्या होत्या आणि नुकत्याच परतल्या होत्या. घरात काय झालंय हे त्यांना अजून दिसलं नव्हतं.

"बुवांचं दूध हो," त्या म्हणाल्या. "सकाळी दारावर ऊन येत होतं. नासेल म्हणून तापवून ठेवलं."

चाळीत हे सगळेच करायचे. शेजारचं दार उघडलं नाही, तर त्यांचं दूध आपल्या शेगडीवर तापवून ठेवायचं. माझंही कितीदा कोणी कोणी तापवून ठेवलंय. शेजारधर्म म्हणतात तो हाच. मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं. दुधावर जाड साय आली होती.

मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. कोणावर राग धरावा असं त्या दिवसात कोणी नव्हतंच. तेराव्यानंतर वहिनी माझ्याकडे आल्या, बराच वेळ बसल्या, चहाला हात लावला नाही. उठताना म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. मी ते नासू द्यायला हवं होतं का?" मी त्यांचा गार झालेला कप उचलून आत नेला. त्याचं उत्तर हो असं आहे, आणि ते मी त्यांना देऊ शकत नव्हते.

नियम बंद झाला असं कोणी जाहीर केलं नाही. चाव्या हळूहळू सगळ्यांनी परत मागून नेल्या. एका घरात मुलाने कॅमेरा बसवला. वहिनी आता कोणाच्या दाराकडे मान वर करून बघत नाहीत. पेटी मी बुवांच्या मुलाला देऊन टाकली. त्याला नको होती, तरी दिली.

मी पहाटेच जागी असते. दूधवाला माझ्या दाराला पिशवी अडकवतो तो आवाज अंथरुणातून ऐकू येतो. मी मुद्दाम उठत नाही. दारावर ऊन येतं, आठ वाजतात, नऊ वाजतात. अजून कोणी बेल वाजवलेली नाही.