पूजेतून उचललेली कुऱ्हाड

आमची कंपनी कल्याण कॅम्पात आली तेव्हा त्याला अजून उल्हासनगर हे नाव पडायचं होतं. लढाईच्या काळात फौजेसाठी बांधलेल्या बॅरकी होत्या आणि त्यांत आता सिंधमधून आलेली माणसं राहत होती. एकेका बॅरकीत कितीतरी बिऱ्हाडं. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट नाहीतर जुनी चादर. आमचं काम साधं होतं. कॅम्पाच्या कडेला फौजेच्या सामानाचा डेपो होता, त्यावर पहारा द्यायचा आणि सिव्हिल अधिकाऱ्यांनी बोलावलं की मदतीला जायचं. मी तेव्हा हवालदार होतो.

लान्स नायक गणपत माझ्या सेक्शनमध्ये होता. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा आगरी पोरगा. घर इतकं जवळ की सुट्टी मिळाली की आईच्या हातची भाकरी खाऊन रोलकॉलला परत हजर. मी म्हणायचो, "तुझी ही पोस्टिंग नाही गणपत, माहेरपण आहे."

"जलता का उस्ताद?" तो म्हणायचा. "चला, तुमाला पन भाकर घालतो."

एकदोनदा गेलोही. त्याची आई यसूबाई. विधवा बाई, तुकडाभर भातशेती, बोलणं रोखठोक. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "माज्या पोराला नीट ठेव, नायतर फौज काय नि तू काय, माज्याशी गाठ हाय." आमच्या सुभेदारसाहेबांनीही मला कधी इतकं स्पष्ट बजावलं नव्हतं.

आता खंडेनवमीबद्दल सांगतो. शस्त्रपूजा सगळ्यांना ठाऊक असते, पण पलटणीत ती कशी होते ते बाहेरच्यांना माहीत नसतं. नवमीला सकाळी सगळी हत्यारं तेल-पाणी करून मंडपात मांडतात. रायफली उभ्या, मशीनगन मध्ये, संगिनी पुढे. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, धूप. पहाऱ्यावरच्या रायफली तेवढ्या वगळायच्या. बाकी हत्याराला एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. जवानांच्या घरीही तेच असतं. नांगर, विळा, कोयता पूजेत बसला की त्याची त्या दिवशी सुट्टी. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्या वर्षी सुभेदारसाहेबांच्या मनात एक विचार आला. ते साताऱ्याकडचे, देवीचे मोठे भक्त. म्हणाले, "मारणाऱ्या हत्यारांचीच पूजा का? वाचवणाऱ्यांचीही करा." म्हणून फायर पॉइंटवरच्या आग विझवायच्या बादल्या, कुऱ्हाडी, लोखंडी आकडे, दोर, शिड्या, सगळं घासूनपुसून मंडपात आणलं. लाल बादल्यांवर पिवळ्या माळा छान दिसत होत्या. फायर पॉइंट मात्र ओकाबोका पडला. यात काही चुकतंय असं साऱ्या कंपनीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुपारची जेवणं झाली होती. वारा सुटला होता. क्वार्टर गार्डच्या चौकीतला टेलिफोन वाजला. मी उचलला.

"बॅरकीला आग. डेपोच्या कुंपणापलीकडची."

"माणसं आत आहेत?"

"आहेत. लवकर या."

चुलीची ठिणगी गोणपाटावर उडाली होती. एक पडदा पेटला की पुढचा पेटायला काय उशीर! आम्ही धावत मंडपाशी आलो आणि तिथंच थबकलो. बादल्या, कुऱ्हाडी, दोर, सगळं समोर होतं आणि सगळ्यावर कुंकू होतं. जवान सुभेदारसाहेबांकडे बघायला लागले. साहेब देवीकडे बघत होते. हे सगळं दोन श्वासांत घडलं, पण मला ते फार लांबलं असं वाटलं.

गणपतनं कुणाकडेच पाहिलं नाही. तो पायांतले बूट काढून मंडपात शिरला, कुऱ्हाड उचलली, माळ ओढून देवीपुढे ठेवली आणि पळाला. अनवाणीच पळाला.

त्याच्या पाठोपाठ सुभेदारसाहेब ओरडले, "उचला सगळं! बघत काय बसलात?"

मग सगळ्यांनी सगळं उचललं.

बॅरकीचं पुढचं दार पेटलं होतं. मागचं दार आतल्या बिऱ्हाडांनी फळ्या ठोकून बंद केलं होतं, आडोसा हवा म्हणून. बहुतेक माणसं आधीच बाहेर पडली होती. लीला नावाची एक बाई, अंगावर राख, मागच्या दारावर मुठी मारत होती.

"अंदर ससुर हैं," ती म्हणाली. "चल नहीं सकते."

गणपतनं फळ्या फोडल्या. आतून धुराचा लोट आला. मी म्हणालो, "दोर बांध कमरेला." दोर मागून येतच होता. तो म्हणाला, "येल नाय उस्ताद," आणि आत गेला.

थोड्या वेळानं फोडलेल्या जागेतून म्हाताऱ्याचे खांदे दिसले. मी आणि आणखी एका जवानानं ओढून त्याला बाहेर घेतलं. गणपत आतून ढकलत होता. त्याचे हात मला दिसत होते. म्हातारा पुरता बाहेर आला आणि छत खाली आलं.

आग विझल्यावर आम्ही गणपतला बाहेर काढलं. दसऱ्याच्या दिवशी त्याच्या गावी चितेपुढे हवेत फैरी झाडून आम्ही सलामी दिली. पलटणीचं सणाचं जेवण, बडा खाना, झालं नाही. सुभेदारसाहेब यसूबाईंसमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मला तेव्हा त्यांचीही दया आली.

पुढचं मला उशिरा कळलं. आमच्याच कुणी जवानानं गावात सगळी हकीकत कौतुकानं सांगितली होती, हुकूम यायच्या आधी गणपतनं पूजेतली कुऱ्हाड कशी उचलली ते. लोकांनी त्यातलं कौतुक बाजूला ठेवलं आणि कुऱ्हाड तेवढी धरली. गणपतचा चुलता नामा चारचौघांत बोलायला लागला, "पूजा मोडली पोरानं. देवी सोडते का?" यसूबाईंनी ऐकून घेतलं. उलट उत्तर दिलं नाही, आणि तीच गोष्ट मला खटकली. घरात दिवाळी नव्हतीच, दुखवट्याचं वर्ष. पण पोराचं नावही त्या घेईनाशा झाल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "माज्या पोरानं पाप केला का रं?"

मी म्हणालो, "नाही यसूआई."

"तू त त्याचाच मानूस. तू असाच बोलनार."

परेड, पहारा, हुकूम यांत आयुष्य गेलेला माणूस मी, आईला काय पटवणार? संताप मात्र फार आला. त्या नामाला धरून चार रट्टे द्यावेत असं वाटलं. दिले नाहीत.

वर्ष फिरलं. गणपत नवमीला गेला, म्हणजे त्याचं वर्षश्राद्ध नेमकं खंडेनवमीला आलं. गावात घरोघर नांगर-विळे पूजेत बसत होते आणि यसूबाईंच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. त्यांच्या घरातला कोयता, विळा कोपऱ्यात तसाच पडून होता. त्यांनी पूजा मांडायची नाही असं ठरवलं होतं.

मी सुट्टी घेतली. कॅम्पातून लीलाबाई आणि तिचे सासरे यांना बरोबर घेतलं. बदलापूर स्टेशनपासून बैलगाडी केली. म्हाताऱ्याला मी पाठुंगळीला घेऊन अंगणात आणलं आणि ओटीवर बसवलं. नामा तिथंच होता, गावची आणखी माणसं होती.

म्हाताऱ्यानं यसूबाईंना हात जोडले. म्हणाला, "माई, मैं वही हूँ."

यसूबाईंना हिंदी फारसं कळत नसे, पण हे कळलं. त्या त्याच्यासमोर खाली बसल्या. त्याचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. दंडावर भाजल्याचा पांढरा डाग होता, त्यावरून बोट फिरवलं.

"याला धरला व्हता का त्यानं?" त्यांनी मला विचारलं.

"इथंच धरलं होतं. शेवटपर्यंत सोडलं नाही."

मग त्या नामाकडे वळून म्हणाल्या, "भावजी, देवीचा कोप आसता त ह्यो बाबा जित्ता आसता का? देवीनं एक पदरात घेतला नि एक मागं ठेवला. तुमी माज्या पोराला वरीसभर बोललाव. आता पुरं झाला."

नामा मान खाली घालून बसला. यसूबाई उठल्या, आत गेल्या आणि भिंतीला टेकून मोठ्यानं रडल्या. गणपतचं नाव घेऊन रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा. मीही रडलो. हवालदारानं रडू नये असा हुकूम निदान माझ्या वाचनात आलेला नाही.

मग त्यांनी तोंड धुतलं, लीलाला हाक मारली आणि दोघींनी मिळून पान वाढलं. कावळा शिवल्यावर यसूबाईंनी कोपऱ्यातला विळा-कोयता पुसला आणि पूजा मांडली.

यसूबाई आता नाहीत. ते घर त्यांच्या पुतण्याकडे आहे. पण तिथं खंडेनवमीला आजही आधी गणपतचं पान वाढतात, आणि त्यानंतरच हत्याराला कुंकू लागतं.