डाव्या बुटाची झीज

माझ्या शेजाऱ्याने धावणं का सोडलं, असं आमच्या चाळीत कुणालाही विचारा. वय झालं, असंच उत्तर मिळेल. ते खोटं आहे, आणि ते मीच पसरवलेलं आहे.

तो आणि मी लालबागच्या एकाच मजल्यावर, एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. आमची दोस्ती जमली ती पायांवरून. दोघांचेही पाय पुढून फताडे, बोटं पसरलेली, अंगठ्याच्या मुळाशी हाडाचं टेंगूळ, आणि टाचा मात्र बारीक. त्याची आई आम्हाला गॅलरीत बसलेलं बघून म्हणायची, "हे पाय नाय, बदकाचे पंजे आसत." शाळेचे बूट आम्हाला पुढून चावायचे आणि मागून निसटायचे. लग्नाकार्यात बाकीचे बूट करकरवत फिरायचे, आम्ही दोघं चपलांत. एकट्याला लाज वाटली असती. दोघं होतो म्हणून निभावून गेलं.

निवृत्तीनंतर त्याची साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या धावायलाच लागला. कॅनव्हासच्या बुटांनी पायाला फोड आले तेव्हा त्याने चांगले बूट शोधायचं मनावर घेतलं आणि मला बरोबर घेऊन परळ, दादर, गिरगाव पालथं घातलं. दुकानात संध्याकाळीच जायचा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बूट हातात आला की आतली गादी बाहेर काढायची, जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर उभं राहायचं. पायाची कड गादीबाहेर आली की बूट परत. सेल्समन वैतागायचे.

"काका, एक नंबर मोठा घ्या ना."

"मोठ्यात टाच नाचते रे बाबा. मला लांब नको, रुंद पाहिजे."

मी मागे बसून हसायचो. "तुला बूट नाही, होडी पाहिजे. भाऊच्या धक्क्यावर विचार."

शेवटी गिरगावातल्या एका अरुंद दुकानात त्याला हवे तसे बूट मिळाले. निळे, पुढून ऐसपैस, टाचेला आवळून धरणारे. टेंगळावर दाब येऊ नये म्हणून त्याने लेस घालताना तिथली भोकं मोकळी सोडली. मग दुकानाच्या पायरीवरून उतरून तो फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत पळत गेला आणि पळत परत आला. "अरे, पाय आहेत असं वाटतच नाही!" लगेच मला म्हणाला, "बस इथे. तुझ्यासाठी पण बघू."

"मला काय करायचेत या वयात?" मी म्हटलं.

खरं तर मला ते बूट हवे होते. तसे दुसरे नव्हे, तेच. त्याच्या पायातले.

त्यानंतर त्याची रोजची सकाळ सुरू झाली. भोईवाड्यातून दादर, शिवाजी पार्कला चक्कर आणि परत. घामाने निथळत जिना चढायचा तेव्हा प्रत्येक दारातून कौतुक. चाळीच्या फळ्यावर अभिनंदन लागलं. माझी बायको म्हणाली, "बघा जरा. तुमच्याच बरोबरीचे ना ते?" मी पेपर वर धरला. तो धावतो याचं मला तितकं काही नव्हतं. आम्ही दोघं एका पंगतीत बसलो होतो, तो मध्येच उठून गेला आणि मला तिथे एकट्याला ठेवून गेला, हे मला सहन होत नव्हतं.

आमच्या चाळीत दुसऱ्याची चप्पल पायात सरकवून जाणं हा काही गुन्हा नाही. मोरीशेजारच्या संडासला जायचंय, खालून दूध आणायचंय, तर जी दारात दिसेल ती घालायची आणि परत आणून ठेवायची. कुणी विचारत नाही. त्याचे बूट दाराबाहेर असायचे. दुपारी तो जेवून झोपला की मी ते घालायला लागलो. पहिल्यांदा नुसते गॅलरीत. पाय आत गेला आणि कुठेही काही टोचलं नाही. सत्तरी गाठलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं असं ते सुख होतं. मग जिन्याने खाली. मग कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत, जिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. मी त्याच्यापेक्षा बराच जड आहे. तिथे मी धावलोसुद्धा. बूट परत ठेवताना लेस त्याच्यासारखी बांधायचो. हे कित्येक महिने चाललं.

मग त्याचा गुडघा दुखायला लागला. एका संध्याकाळी चौकातल्या बाकावर आम्ही म्हातारे नेहमीसारखे बसलो होतो, तेव्हा तो डावा बूट हातात घेऊन आला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. तळवा आतल्या कडेला गुळगुळीत झाला होता, टाच तिकडेच कलली होती.

"बघ रे. माझा पाय आत पडायला लागलाय. आधी असं नव्हतं."

मी बघितलं. माझ्या डाव्या पायाची प्रत्येक चप्पल अशीच, त्याच जागी झिजते. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण बोललो ते दुसरंच.

"वय झालं रे. आता पुरे कर."

बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची बायको गॅलरीतून म्हणाली, "भावोजी, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत." आणि मी पुन्हा सांगितलं.

त्याने बूट माळ्यावर टाकले. मला वाटलं होतं, आता आम्ही पुन्हा बरोबरीचे झालो. झालो नाही. तो जिना उतरताना कठडा धरायला लागला, डावा पाय आधी चाचपून मगच टेकवायचा. डॉक्टरांनी पाय ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी याचं एकच : "डॉक्टरला काय कळतंय? मी बूट बघितलाय ना." गेल्या पावसाळ्यानंतर तर तो खाली यायचाच थांबला. ज्याच्या पायांवर मी जळत होतो, ते पाय दिवसभर खाटेवर पडलेले बघून मला जेवण जाईना.

एका दुपारी त्याच्या घरात जाऊन मी सगळं सांगून टाकलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाला, "मी माझ्या पायाला शिव्या देत होतो रे. देवाला म्हणत होतो, एवढं एक दिलंस ते पण काढून घेतलंस. आणि तू रोज समोर बसून चहा पीत होतास."

मी जायला उठलो, तसा तो म्हणाला,

"वय झालं, हे तू सगळ्यांसमोर बोललास. आता हेही सगळ्यांसमोर बोल."

बोललो. त्याच बाकावर, त्याच मंडळींपुढे. सगळे हसले. "अरे, शेजाऱ्याचे बूट घातले, त्यात काय एवढं? मी तर तुझी चप्पल घालून गावाला जाऊन आलोय!" एकजण त्यालाच म्हणाला, "पण वय तर झालंच होतं ना तुझं?" तो हसला नाही. उठून वर गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आमच्याकडे भर दिवसा कुणी दार लावत नाही.

माझं बोलणं असं थट्टेवारी गेलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. त्याचा पाय कधीच आत पडत नव्हता. तो पाय माझा होता.

नवे बूट त्याने स्वतः जाऊन आणले. मला बोलावलं नाही, आणि अजून तो माझ्याशी बोलत नाही. पहाटे मी अंथरुणात असतो तेव्हा तो जिना उतरतो. कठडा न धरता, दोन्ही पावलं सारख्या आवाजात टाकत. मी ते खालपर्यंत ऐकतो. बरं वाटतं. आणि खरंच लिहायला बसलोय तर हेही लिहितो, की जळफळाटही होतो.