वहीमागची विमानं

जिथं बोलायला बंदी असते तिथं किस्से जास्त जमतात, हा माझा अनुभव आहे. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमची अभ्यासिका. तिच्या भिंतींवर 'शांतता राखा' असे चार बोर्ड आहेत. पहिल्या तीन बोर्डांच्या अक्षरावरून पोरांनी इतका वाद घातला, की मालकांना चौथा लावावा लागला! दिवसभर तोंड दाबून बसायचं आणि दुपारी डबा उघडला की दोन तासांचं बोलणं वीस मिनिटांत उरकायचं. अशा ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर काय होणार? आता सगळं पार पडलंय, आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडलाय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मालक म्हणजे शेटे आप्पा. खाली त्यांचं कापडाचं आणि शाळेच्या गणवेशांचं दुकान, वर अभ्यासिका. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात मापाची टेप. डबा खायला आम्ही तिघं एकत्र बसायचो. मी, स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नातला अनुभवी उमेदवार. दुसरा गेवराईचा सचिन, ज्याला न येणारी गोष्ट जगात नाही, असं त्याचं स्वतःचं मत. आणि तिसरी पालीची वैशाली.

वैशालीला विमान चालवायचं होतं. नुसतं बसायचं नव्हतं, चालवायचं होतं. तिचे बाबा बीडलाच पाटबंधारे खात्यात क्लार्क. त्यांना विचारलं की ते एकच शब्द बोलायचे, "बघू."

*

ह्या किश्श्यातली सिरीयल आमच्यात आणली सचिननं. पुढं कितीही नाकबूल करू द्या, त्यानंच आणली.

वैशाली हवाई दलाच्या परीक्षेची तयारी करतेय, तर तिला जुन्या लढाऊ विमानांची माहिती मिळावी, असा त्याचा उदात्त हेतू. फाईलच्या नावात 'युद्ध' होतं, 'विमान' होतं. "डॉक्युमेंटरी हाय. जपानी लोकांनी लई अभ्यास करून काढलीय," असं म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

निघालं कार्टून! जुन्या महायुद्धासारखा काळ, पंख्याची विमानं, धूर, भोंगे, सगळं एकदम खरं वाटावं असं. पण चालवणाऱ्या सात जणी जादूगारिणी. पंचवीस-तिशीच्या, कॅप्टन-मेजर हुद्द्याच्या बायका. डोळे मिटून हात जोडायच्या, मंत्र म्हणायच्या, की विमान सुरू! अंगात कडक कोट, खांद्यावर पट्ट्या, छातीवर बिल्ले, गळ्याशी टाय. आणि कमरेच्या खाली पॅन्टच नाही! नुसते लांब मोजे आणि बूट.

आम्ही तिघंही डब्याकडं बघत जेवायला लागलो. शेवटी वैशालीच म्हणाली, "सच्या, ह्यांच्या पॅन्टा कुठंयत रे?"

सचिन घास गिळत म्हणाला, "युद्धाचा काळ हाय. कापडाची टंचाई असंल!"

*

बंद करावं, तर विमानं खरोखर झकास काढलेली. वैशाली तर इंजिनाच्या आवाजावर जीव टाकायला लागली. मग तिनंच तोडगा काढला. दोनशे पानी वही आडवी धरून लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या भागावर उभी केली. वर कोट, टाय, विमान, आकाश. खाली वही. आता आप्पांनी बघितलं तरी भीती नाही.

फक्त एक घोळ झाला. खाली इंग्रजीत लिहून येणारी वाक्यंही वहीमागं गेली!

"अरे, बोलतात काय ते कसं कळणार?" मी विचारलं.

"मी हाय ना," सचिन म्हणाला. "मला जपानी येती. तीनशे भाग बघितलेत मी आजवर!"

त्याला जपानी येत होती म्हणजे 'हो' आणि 'धन्यवाद' हे दोन शब्द येत होते. बाकीचं त्याच्या गेवराईच्या अनुभवातून यायचं. आकाशातून काळी यंत्रं येऊन जमीन शोषून न्यायची, ती त्याच्या मते नदीतली वाळू चोरून नेणारे वाळूवाले. त्या सात जणींची कमांडर, पांढऱ्या केसांची, सतत टेबलाशी कागद घेऊन बसलेली. धाकट्या वैमानिकिणीला ती उडू देत नाही, एवढं चित्रावरूनही दिसत होतं. सचिननं तिला जाहीर केलं, फितूर! "वाळूवाल्यांना सामील हाय ती. म्हणून गाड्या सोडत न्हाई."

नवव्या भागात ती कमांडर त्या धाकटीसमोर दोन मिनिटं सलग बोलली. बोलता बोलता रडली. टेबलाचा ड्रॉवर उघडून बसली. आम्ही सचिनकडं बघितलं.

सचिननं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ती म्हणती, डिझेल संपलंय."

आणि आम्ही ते मानलं! बाराच्या बारा भाग आम्ही त्या बाईला शिव्या घालत संपवले. आम्ही परीक्षावाले, त्यामुळं एकदा संपवून थांबलो नाही. रिव्हिजन सुरू केली.

*

आप्पांनी आम्हाला पकडलं ते पोस्टरमुळं. सचिननं त्या सात जणींचं रंगीत पोस्टर छापून आणलं आणि दाराच्या मागं चिकटवलं. दार उघडं असलं की पोस्टर झाकलेलं, असा हिशेब. पण दुपारी वारा आला, दार आपटून बंद झालं आणि आप्पा समोर उभे.

आप्पा जवळ गेले. चष्मा लावला. आम्ही सामान आवरायच्या तयारीत.

"कॉलर बघ कशी बसवलीय," आप्पा म्हणाले. "खांदा एका रेषेत हाय. कारागीर चांगला हाय. पण ऑर्डर अर्धीच दिली कावून?"

"आप्पा, ते तसंच असतंय," मी पुटपुटलो.

"तसंच कसं असंल? गणवेश म्हणल्यावर पुरा पायजे. माझ्या दुकानातनं आजवर अर्धा गणवेश गेला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर सातही जणींना पॅन्ट! शाळेच्या गणवेशाचं उरलेलं नेव्ही ब्ल्यू टेरिकॉट कापून, इस्त्रीची घडी पाडून, आप्पांनी एकेकीच्या अंगावर डिंकानं चिकटवलं होतं. कमरेचा पट्टा ओवायच्या लुप्यासुद्धा शिवल्या होत्या. प्रत्येकीच्या उंचीला बरोबर.

"आप्पा, मापं कशी घेतली?" सचिननं विचारलं.

"नजरेनं. शाळेतल्या पोरींना मी टेप लावत न्हाई कधी. समोरून चालत गेली की माप कळतंय." मग जरा खंत वाटून म्हणाले, "तेवढी चेन बसली न्हाई एवढ्या बारक्या कापडात. हुक लावलाय."

पोस्टर दाराच्या मागून पुढच्या भिंतीवर आलं. नवीन येणारी पोरं अजूनही त्याला महिला पोलीस भरतीचं पोस्टर समजतात!

*

वैशाली लेखी परीक्षा पास झाली आणि क्लासच्या सरांनी तिचा मॉक इंटरव्ह्यू घेतला. सरांनी विचारलं, "विमान वर कशामुळं जातं?"

एवढे भाग बघितल्याचा परिणाम. वैशालीनं आधी डोळे मिटले, हात जोडले, ओठांनी काहीतरी पुटपुटली आणि मग पंखाच्या वरची हवा, खालची हवा, दाब, सगळं घडाघडा सांगितलं. सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'उत्तर अचूक. उत्तरापूर्वी देवाचं स्मरण करते. संस्कार चांगले.'

सर खूश, आम्ही खूश. वैशालीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"हे बाबांच्या हातात पडलं तर संपलंच," ती म्हणाली. "आमच्या घरात देव न्हाई, मंत्र न्हाई, अंगारा न्हाई. दाराला लिंबू टांगलेला दिसला तरी बाबा त्या घरी चहा पीत न्हाईत. म्हणतील, विमान शिकायला पाठवलं आन् ही जादूटोणा शिकून आली!"

सचिननं तो कागद तिच्याकडून घेतला आणि कुठंतरी लपवला. इतका चांगला लपवला की अजून त्यालाही सापडलेला नाही.

*

आणि मग मुलाखतीचं पत्र आलं. पालीला घरी आलं, बाबांच्या हातात पडलं. बाबांनी वाचलं, घडी घातली आणि ऑफिसच्या दप्तरात ठेवलं. वैशालीनं विचारलं, "जाऊ ना?" बाबा म्हणाले, "बघू."

मुलाखत परराज्यात, पाच दिवसांची. घरातली कुठली पोरगी एवढ्या लांब एकटी गेलेली नाही. त्यात मामानं एक स्थळ सुचवून ठेवलं होतं, पाहुणे त्याच आठवड्यात यायचे म्हणत होते. बाबा नाही म्हणेनात आणि हो पण म्हणेनात. रोज दप्तर घेऊन बीडला यायचे, रोज पत्रासकट परत जायचे. पंधरा दिवस असेच गेले. वैशालीचं जेवण कमी झालं. ती डबा उघडायची आणि आमच्यापुढं सरकवायची. मला तर त्या पत्राची स्वप्नं पडायला लागली, आणि मी त्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरला नव्हता!

रविवारी रात्रीची गाडी पकडली नाही तर सगळं गेलं, असा हिशेब. गुरुवार उजाडला. दुपारी तिचं मन रमावं म्हणून आम्ही रिव्हिजनचा नववा भाग लावला. वही उभी केली. आणि जिन्यात चपला वाजल्या.

वैशालीचे बाबा. खांद्याला दप्तर.

सचिन उठून उभा राहिला, मी पण राहिलो. बाबा म्हणाले, "बसा, बसा. जेवणाची सुट्टी हाय, म्हणलं पोरीशी बोलून जावं." आम्हाला कळलं. 'नाही' सांगायला आलेत. घरी आईसमोर सांगवलं नसेल.

त्यांची नजर लॅपटॉपवर गेली. "काय हाय हे?"

"विमानाचं हाय, बाबा," वैशाली म्हणाली.

"मग वही कावून लावलीय?"

मी डब्याला झाकण लावायला लागलो. बाबा म्हणाले, "काढ वही."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, सचिनकडं बघितलं आणि वही काढली. पडद्यावर कमांडरबाई कोट-टाय घालून उभ्या, आणि खाली जे नव्हतं ते नव्हतं.

बाबांनी पाहिलं. "गणवेश अपुरा हाय," एवढंच म्हणाले. तेवढ्यात मागं एकीनं हात जोडले, मंत्र म्हटला आणि विमान सुरू झालं. बाबांचा आवाज चढला. "हे काय? इंजिन हाय, पंखा हाय, तेल हाय, मग मंत्र कावून? विज्ञानाचं चालू हाय का भगताचं?"

सचिनला वाटलं, विषय बदलावा. कमांडरबाई बोलायला लागल्या होत्या, ड्रॉवर उघडून. तो घाईघाईनं म्हणाला, "काका, ती म्हणती, डिझेल संपलंय…"

"गप बस. खाली लिहिलंय की," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. पंचवीस वर्षं सरकारी इंग्रजी वाचलेला माणूस. एकेक ओळ वाचायची आणि ऑफिसच्या मराठीत सांगायची.

"ती म्हणतीय… तुझा अर्ज मला मिळाला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. नामंजूर केला न्हाई. मंजूर पण केला न्हाई. नुसता ठेवला."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. ती फितूर नव्हतीच!

"सही केली असती तर तू गेली असतीस… माझी धाकटी बहीण अशीच गेलती, ती परत आली न्हाई. मला भ्या वाटलं. भ्या वाटलं असं कागदावर लिहिता येत न्हाई, म्हणून ठेवला."

पडद्यावर ती धाकटी काहीतरी म्हणाली. बाबांनी वाचलं, पण सांगितलं नाही.

"काय म्हणती, बाबा?" वैशालीनं विचारलं.

"म्हणती… न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई म्हणा. मी ऐकंन. पण ठेवून देऊ नका."

वैशाली खाली बघत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी डब्यात पडलं. मलाही काही बरं वाटत नव्हतं. सचिन दोनदा खोकला.

बाबांनी स्वतः हात पुढं करून लॅपटॉप मिटला. दप्तर उघडलं. पंधरा दिवसांत घडीवर फाटायला आलेलं ते पत्र काढून दोनशे पानी वहीवर ठेवलं. आणि तडक जिना उतरले. आम्ही त्यांच्या मागं धावलो.

खाली आप्पा कापड फाडत होते. बाबा काउंटरशी जाऊन म्हणाले, "आप्पा, पोरीला दोन पॅन्टा शिवायच्यात. चांगल्या कापडाच्या. रविवारच्या आत होतील का?"

आप्पांनी कात्री बाजूला ठेवली, वाकले आणि काउंटरच्या खालून एक पिशवी काढली. आत दोन पॅन्टा. नेव्ही ब्ल्यू, इस्त्री मारून, घडी घालून.

"चेन लावलीय," आप्पा वैशालीला म्हणाले.

बाबा पॅन्टांकडं बघतच राहिले. "कवा शिवल्या?"

"पत्र आलं म्हणून पोरगी सांगत आली, त्याच दिवशी."

"आन् मी न्हाई म्हणलो असतो तर?"

आप्पांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली.

"न्हाई म्हणणारा माणूस पंधरा दिस पत्र संगं घेऊन हिंडतंय व्हय, बाबा!"