बंदुकीशेजारची छत्री

माझ्या सासऱ्यांच्या दुकानात छत्र्या, स्टोव्ह आणि बंदुका मिळत.

लग्न ठरवताना आम्हाला यातल्या फक्त छत्र्या सांगितल्या होत्या. "मुलीच्या वडिलांचं भाईंदरला छत्र्यांचं दुकान आहे," असं मध्यस्थ म्हणाला, आणि पेणला बसलेल्या माझ्या आईने लगेच होकार कळवला. (आईचं म्हणणं, छत्रीवाला माणूस थंड स्वभावाचा असतो.) बंदुका मला लग्नानंतर दिसल्या. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, स्टोव्हच्या फळीच्या वर, साखळीत ओवलेल्या पाच-सहा दुनळ्या टांगलेल्या होत्या आणि खाली पाटी होती, 'उधार बंद'.

"अण्णा," मी एकदा धीर करून विचारलं, "छत्र्या आणि बंदुका एकाच दुकानात कशा हो?"

"तिन्हीला नळी असते," अण्णा म्हणाले. "छत्रीचा दांडा आतून पोकळच. स्टोव्हची नळी तुंबते, बंदुकीची गंजते. ज्याला नळी, ते आपलं काम."

त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा भाईंदरला एवढी वस्तीच नव्हती. मिठागरं, शेतं आणि मधून मधून घरं. एकीकडे मिठागराचा राखणदार काडतुसं मागतोय, दुसरीकडे एखादी बाई स्टोव्हची पिन मागतेय, आणि अण्णा दोघांनाही त्याच आवाजात विचारतायत, "आणखी काही?"

अशा घरात माझा पहिला दिवाळसण आला.

दिवाळसणाला जावयाने रुसायचं असतं, हे सांगायला नकोच. पण रुसणं ही कला आहे, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. पाडव्याच्या सकाळी तिने, म्हणजे शालूने, मला कोपऱ्यात घेतलं.

"अहो, जेवायला बोलावलं की लगेच उठू नका. रुसून बसा."

"पण मला भूक लागलीय."

"थोडा वेळ दम काढा. नाही रुसलात तर सगळे म्हणतील, जावई अगदीच साधा आहे."

"मग काय हवं ते कधी सांगायचं?"

"सांगायचं नसतंच! सासरच्यांनी ओळखायचं असतं."

आता, मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. बंदुकांच्या रांगेत शेवटच्या दुनळीला चिकटूनच एक छत्री टांगलेली होती. काळंभोर कापड, वेताची वळणदार मूठ, मुठीवर पितळेची कडी. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांकडे अगदी तशीच होती. माझ्या छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या, त्यामुळे पावसाळाभर मी एका बाजूने भिजत ऑफिसला जायचो. ती वेताची छत्री हातात घेऊन आपण स्टेशनवर उतरतोय, असं स्वप्न मी लग्नाआधीपासून... नाही, दुकान बघितल्यापासून पाहत होतो.

तेव्हा मी दुकानातल्या स्टुलावर, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून रुसलो. आणि सासरच्यांना ओळखायला सोपं जावं म्हणून छत्रीवरून नजर हलवली नाही.

आतून श्रीखंडाचा वास येत होता. सासूबाई दोनदा बोलावून गेल्या. मी हललो नाही. तिसऱ्यांदा अण्णा स्वतः आले, माझ्यामागे उभे राहिले, आणि मी कुठे बघतोय ते वाकून बघू लागले.

"ही?" शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी मान खाली घालून होकार दिला. (जावयाने या वेळी लाजायचंही असतं, असं माझ्या आईने पत्रात लिहिलं होतं.)

"नजर चांगली आहे तुमची," अण्णा म्हणाले. साखळी सोडल्याचा आवाज आला. मी मान वर केली. अण्णांच्या हातात शेवटची दुनळी होती.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ती बंदूक म्हणजे अण्णांचा जीव की प्राण होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आठ वर्षं ती विकायला म्हणून टांगलेली होती, आणि आठ वर्षं अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला "ती विकली गेलीय" असं सांगत होते. रोज सकाळी ते आधी देवाला फूल वाहायचे आणि मग तिला तेल लावायचे.

"अण्णा, ते..." मी तोंड उघडलं.

तेवढ्यात शालू दारात आली. तिने बंदूक बघितली, मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला सहा महिने झाले होते, पण माझ्याकडे तिने असं कधीच बघितलं नव्हतं. झुरळ निघालं की मी खुर्चीवर चढतो, हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. आणि तोच माणूस आज दुनळी मागत होता! त्या एका नजरेसाठी मी तोंड मिटलं. खोटं कशाला बोलू, तोफ मागितली असं ठरलं असतं तरी मिटलं असतं.

बंदुकीला कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, मला ओवाळलं गेलं. मग अण्णांनी बंदूक परत भिंतीवर टांगली, कारण लायसन झाल्याशिवाय ती माझ्या हातात देणं कायद्यात बसत नव्हतं. तिला फक्त माझ्या नावाची चिठ्ठी बांधली. घरी जाताना माझ्या हातात श्रीखंडाचा डबा होता.

लायसनसाठी आम्ही ठाण्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला कोणापासून धोका आहे?"

"कोणापासूनच नाही."

"मग बंदूक कशाला?"

रुसलो होतो म्हणून, हे उत्तर अर्जात कुठे बसेना. मागून अण्णा म्हणाले, "पीकसंरक्षण, साहेब."

"तुमचं पीक काय?"

भाईंदरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत माझं पीक म्हणजे पत्र्याच्या डब्यातली तुळस. मी ते प्रामाणिकपणे सांगणार होतो, पण अण्णांनी मला मागे ओढलं. "काशीगावला हिच्या भावाचं... म्हणजे यांच्या बायकोच्या मामाचं भात आहे. रानडुकरं नासधूस करतात. राखण हे करणार."

"हे?" साहेब म्हणाले.

"हे," अण्णा म्हणाले.

अशा रीतीने जी बंदूक मला नको होती, तिच्यासाठी मी डुकरं मारायचं सरकारला लेखी देऊन आलो.

पुढे चौकशीला पोलीस चाळीत आला. त्याने दोन-चार घरांत विचारलं, "हे गृहस्थ बंदूक घेतायत, माणूस कसा आहे?" आतापर्यंत चाळीत मी माणूस कसा आहे, याचा विचारच कोणी केला नव्हता. शेजारचे कांतिभाई सकाळी नळाखाली आपलं पिंप लावायचे आणि आम्ही कळशी घेऊन त्यांच्या मागे तपश्चर्या करायचो. दुसऱ्या दिवशी कांतिभाई नळापासून चार पावलं लांब उभे.

"पहले आप भर लो, भाई. अपने को कोई जल्दी नहीं."

"नाही हो कांतिभाई, तुमचा नंबर आहे."

"नंबर कैसा, भाई? पानी तो सबका है."

शालू कळशी भरून ताठ मानेने घरात आली. आता तर मी काही बोलणं शक्यच नव्हतं. नळाचं पाणीसुद्धा त्या छत्रीच्या आड आलं होतं.

लायसन आलं ते पावसाळा सरता सरता, भात पोटरीला येताना, आणि दुसऱ्याच दिवशी काशीगावचे मामा दारात.

"जावयबापू, डुकरा मातल्यान. अर्धा शेत झोपवला. वर्साचा खानं हाय त्या. आता तुमीच बगा."

"मामा, मला वाटतं, डबे वाजवून बघितले तर..."

"डबं वाजवलं, बोंबललो, आग पेटवली. न्हाय आयकत. तुमी बंदूकवाले, तुमाला काय?"

मामांची पोरं वर्षभर ज्या भातावर जगणार होती, ते माझ्या नेमावर अवलंबून होतं. हे कळल्यावर मला जेवण जाईना. मामा खरोखरच हवालदिल झाले होते, आणि त्यांना वाचवायला निघालेला माणूस झुरळाला भिणारा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेतावर गेलो. अण्णांनी दोन काडतुसं आणली होती, आणि ढग भरून आलेले म्हणून दुकानातली एक छत्रीही. कुठली, ते मी सांगायला नको. वेताची मूठ, पितळेची कडी.

तिन्हीसांजेला आम्ही बांबूच्या माळ्यावर बसलो. पुढे मी, मागे मामा, आणि बंदूक भिजू नये म्हणून माझ्या डोक्यावर छत्री धरून अण्णा. शालू आणि मामी झोपडीच्या दारात. बारीक भुरभुर सुरू झाली.

"आला," मामा कुजबुजले.

शेताच्या कडेला भात हललं. आधी सुळे दिसले, मग मागचं काळं धूड. मी असा मागे सरकलो की माळाच करकरायला लागला.

"श्वास धरा," अण्णा म्हणाले. "दस्ता खांद्याला घट्ट टेकवा. हळू..."

मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि चाप ओढला. एक ओढायचा होता, घाबरून दोन्ही ओढले. खांद्यात लाथ बसली, ओल्या बांबूवरून पाय सटकले, नळ्या आभाळाकडे गेल्या आणि मी मामांना घेऊन खालच्या पेंढ्यात पडलो.

धूर निवळला तेव्हा डुक्कर कुठेच नव्हतं. माळ्यावर अण्णा तसेच बसले होते, हातात छत्री उघडी धरून. तिच्या कापडाला एक मोठं भगदाड आणि भोवती बारीक बारीक भोकं. त्यांतून पाऊस अण्णांच्या टकलावर पडत होता.

"अण्णा!" पेंढ्यातून मी ओरडलो. "मला तीच हवी होती हो!"

"काय?"

"छत्री! पाडव्याला मी छत्री बघत होतो. बंदूक नको होती मला. कधीच नको होती."

अण्णांनी छत्री मिटली, खाली उतरले, पेंढ्यातली बंदूक उचलून धोतराच्या सोग्याने पुसली आणि पोटाशी धरली. त्यांचे डोळे भरले होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "मलाही ती द्यायची नव्हती हो."

मग ते हसायला लागले, मग मामा, मग मीही. झोपडीच्या दारात शालू पोट धरून खाली बसली होती. घरी जाताना तिने सांगितलं की तिला पाडव्यालाच कळलं होतं. ओवाळून घेतानाही माझी नजर भिंतीवरच्या छत्रीवर होती म्हणे.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते," ती म्हणाली. "अकरा महिने बघितलं."

रीतसर कागद करून बंदूक परत अण्णांच्या भिंतीवर गेली. निदान फाटकी छत्री तरी मिळेल, अशी मला आशा होती, पण ती मामांनी मागून घेतली. शेताच्या मधोमध काठीला उघडी बांधून ठेवली, आणि त्या हंगामात डुकरं त्या बाजूला फिरकली नाहीत. मामांचं भात घरात आलं. ते सगळ्या गावाला सांगत सुटले, "आमच्या जावयाची छत्री हाय ती!"

दुसऱ्या दिवाळीला मी रुसलो नाही. सरळ तोंड उघडून, सगळ्यांसमक्ष, छत्री मागितली.

"तशी छत्री आता येत नाही," अण्णा फार वाईट वाटून म्हणाले, आणि नळीच्या तीन वस्तूंपैकी जी उरली होती ती त्यांनी माझ्या हातात ठेवली.

तेव्हापासून आमच्या घरी पहाटेचा स्टोव्ह मीच पेटवतो. शालू म्हणते, बंदूक चालवलेल्या माणसाला भडक्याची कसली भीती!